कप्तानांची बिनमिशीची फेरी

"दहा माणसं जमवायची ना? माझ्या डाव्या हातचा मळ आहे!" कप्तान छाती पुढे काढून म्हणाले.

कप्तान आयुष्यात कधी जहाजावर चढले नव्हते. उभी हयात त्यांनी गोदीच्या वजनकाट्यावर काढली होती. पण तिथे हमालांना, ट्रकवाल्यांना आणि एकदा तर चुकून बंदराच्या मोठ्या साहेबांनाही "ए, मागे! अजून मागे! हां, बस!" असे हुकूम सोडले होते, म्हणून सारा जुना बंदरभाग त्यांना कप्तान म्हणे. निवृत्तीनंतर हुकूम सोडायला एक बायकोच उरली होती, आणि ती ऐकत नव्हती.

आत्ताचा मामला मात्र लेकीचा होता. एकुलती एक लेक, घरात सगळे तिला चिऊ म्हणत. सहलींच्या एका कचेरीत तिला वाटाड्याचं काम लागलं होतं. रविवारी सकाळी पाहुण्यांना घेऊन जुन्या बंदरभागातून पायी हिंडायचं आणि घंटाघर, जकातघर, दोरवाल्यांची गल्ली, वखारी, धक्का असं एकेक दाखवत त्याचा इतिहास सांगायचा. इतिहास चिऊला तोंडपाठ होता. अडचण होती आवाजाची. तिचा आवाज इतका बारीक, की तिने हाक मारली तर मांजरसुद्धा 'कोणी बोललं का?' म्हणून मागे वळून बघे.

त्यात कचेरीचा नियम होता, दहा माणसं भरली नाहीत तर फेरी रद्द. लागोपाठ दोन रविवार तसंच झालं. दोन्ही वेळा चिऊ घंटाघराखालून परत आली, गळ्यातलं ओळखपत्र खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "बरंच झालं. घसा बसला होता माझा."

घसाबिसा काही बसला नव्हता. पातळ भिंतीपलीकडून तिची तालीम कप्तानांना ऐकू येई. "नमस्कार मंडळी, आपलं स्वा..." इथवर आवाज यायचा आणि 'गत' कुठेतरी गळून पडायचं. आणखी एक फेरी रद्द झाली असती, तर कचेरी तिला आतल्या टेबलावर बसवणार होती. एकदा आतल्या टेबलावर बसलेलं माणूस पुन्हा बाहेर येत नाही, हे कप्तानांना पक्कं ठाऊक होतं.

"अहो, पण तुम्हाला तिथे यायची बंदी आहे ना?" बायकोने आठवण दिली.

बंदी होती खरी. शाळेत असताना चिऊच्या भाषणाला कप्तान पहिल्या रांगेत बसून शब्द पुरवत होते. ते इतक्या जोरात, की शेवटी परीक्षकांनी टाळ्या त्यांच्याकडे बघून वाजवल्या! तेव्हापासून चिऊची अट होती, मी बोलणार तिथे बाबा नकोत.

"मी कुठे जातोय?" कप्तान डोळे मिचकावत म्हणाले. "जाणार आहे तो परगावचा एक लाकडाचा व्यापारी!"

आणि ते न्हाणीघरात गेले. बाहेर आले तेव्हा बायकोने पदर सावरला आणि विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

मिशी गेली होती! लग्नाच्या आधीपासूनची, झाडूसारखी भरघोस मिशी! तिच्या जागी वरच्या ओठावर नुसता एक पांढरा पट्टा उरला होता, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर दिसतो तसा. बायको बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्यासाठी कधी नाही काढलीत." आणि हसू दाबत स्वयंपाकघरात गेली.

फौज तयार झाली. कप्तानांची थोरली बहीण, म्हणजे चिऊची आत्या. शेजारचा शिंपी आणि त्याची बायको. वजनकाट्यावरचे जुने सोबती. शिंप्याने आपल्या फोनवरून सगळ्यांच्या मिळून दहा जागा खोट्या नावांनी राखून ठेवल्या आणि दुकानात पडून राहिलेले, गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे सगळ्यांच्या अंगावर चढवले. आत्याला हिरवा कोट आणि काळा चष्मा मिळाला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, मी तर बँक लुटायला निघाल्यासारखी दिसतेय!"

"ताई, तू फक्त तोंड उघडू नकोस."

"मी? मी कधी उघडते?" आत्या म्हणाली आणि पुढचा अर्धा तास तेच सांगत राहिली.

रविवारी घंटाघराखाली सगळे जमले. खरे पाहुणे दोनच, एक आजी आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेले आजोबा. बाकी सगळे टोप्या, मफलर आणि काळे चष्मे! चिऊने एकेकाकडे पाहिलं. हिरव्या कोटावर तिची नजर जरा जास्तच रेंगाळली. बिनमिशीच्या व्यापाऱ्यावर त्याहून जास्त. कप्तानांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली. पण ती ओठ घट्ट मिटून आकाशाकडे बघू लागली.

'फसली!' कप्तान मनात म्हणाले.

"नमस्कार मंडळी, आपलं स्वागत," चिऊ म्हणाली. 'गत' ऐकू आलं. जेमतेम, पण आलं!

जकातघर बिनबोभाट पार पडलं. दोरवाल्यांच्या गल्लीत एका निळ्या दारापाशी चिऊ थांबली. "या घरात पूर्वी एक नामांकित तस्कर राहत असे. त्याच्या पलंगाखालून थेट धक्क्यापर्यंत भुयार होतं, असं खलाशी सांगत."

"तस्कर?" हिरवा कोट कडाडला. "माझ्या आजेसासऱ्यांना तस्कर म्हणतेस? देवमाणूस होता तो! आणि भुयार कसलं डोंबलाचं, मोरीचं गटार आहे ते!"

कप्तानांनी कपाळाला हात लावला. चिऊने अगदी नम्रपणे विचारलं, "आजी, आपण तर परगावच्या ना?"

"आहेच मुळी!" आत्या सावरून म्हणाली. "पण तिकडेही बातम्या येतात!"

दुर्बीणवाले आजोबा खूश झाले. बायकोच्या कानात म्हणाले, "नाटकातली माणसं ठेवलीयत वाटतं. छान करतात!"

खरा घोटाळा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी झाला. कप्तान मान खाली घालून सटकत होते, तेवढ्यात हाक आली, "कप्तान! अहो, मिशी कुठे गेली?"

"आपण कोणाशी बोलताय?" कप्तान आवाज बदलून म्हणाले. "मी लाकडाचा व्यापारी आहे."

"अहो, मी! रोजचा चहावाला तुमचा!"

"या गावात पहिल्यांदाच येतोय मी."

चहावाल्याचा चेहरा उतरला. त्याने पुढे चाललेल्या चिऊकडे बोट दाखवलं आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "बरं. आणि ती पुढे बोलतेय, ती कोण?"

"वाटाड्या आहे. माझी काही ओळख नाही."

चहावाल्याने पातेलं उतरवलं, टपरी तशीच उघडी टाकली आणि धूम पळत सुटला. पंधरा वर्षांत त्याने भर सकाळी टपरी सोडली नव्हती. बातमी त्याच्याही पुढे पळाली. कप्तानांची स्मृती गेली! मिशीसकट! पोटच्या पोरीलाही ओळखत नाहीत! न्हावी दुकानातून वस्तरा घेऊनच बाहेर आला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "मिशी माझ्याकडून नाही काढली, तेव्हाच कोणीतरी ओळखायला हवं होतं." किराणावाली, कुलपं दुरुस्त करणारा, होड्यांना डांबर लावणारे, एकेक जण फेरीच्या शेपटाला जुळत गेला.

आणि सगळे कप्तानांशी इतकं गोड बोलू लागले, की त्यांना घाम फुटला. "हळू हं, कप्तान. पायरी आहे." "ऊन लागतंय का?" एकाने कोपर धरलं, दुसऱ्याने छत्री धरली. कुलूपवाला तर खुर्ची डोक्यावर घेऊन मागे चालू लागला, न जाणो, बसावंसं वाटलं तर! ज्यांना कप्तानांनी जन्मभर 'मागे, अजून मागे' म्हटलं होतं, ते आज मागे हटायला तयार नव्हते.

शेवटी शिंप्याला राहवलं नाही. "अरे, काही झालेलं नाही त्यांना!"

"शिंपीदादा, तुम्ही इथे कसे?" किराणावालीने विचारलं.

शिंपी गडबडला. "मी? मी शिंपी नाही. मी परगावचा..."

"अगं बाई!" किराणावाली मागे सरकली. "यांचीही गेली! साथ आलीय साथ!"

झालं! अर्ध्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. कोणीतरी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आणायला धावलं.

या सगळ्या कोलाहलात चिऊ पुढे बोलतच होती. मागचा गलका वाढला की तिचा आवाज थोडा चढे. गलका आणखी वाढला की आणखी थोडा. धक्क्यावर पोचेपर्यंत माणसं इतकी झाली, की ती जहाजांचे दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर चढून उभी राहिली. "या धक्क्यावर," ती सांगत होती, "जहाज दिसेपर्यंत बायका उभ्या असायच्या. कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ. आणि जहाज दिसलं की आधी कोणी ओरडायचं नाही, कारण..."

"सरका! सरका!" डॉक्टरीणबाई घरातल्या सपातांवरच आल्या होत्या. त्यांनी कप्तानांना खुर्चीवर बसवलं, काळा चष्मा उचलून डोळ्यांत बॅटरी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कप्तान, नीट बघा. त्या खुंट्यावर उभी आहे, ती मुलगी कोण?"

दुर्बीणवाल्या आजोबांनी दुर्बीण कप्तानांवर रोखली.

कप्तानांनी वर पाहिलं. चिऊ अर्ध्या वाक्यात अडकून उभी होती. 'लेक आहे' म्हणावं, तर पाहुण्यांसमोर बिंग फुटणार. मग फेरी खोटी, माणसं खोटी आणि तिचं आतलं टेबल नक्की. 'ओळखत नाही' म्हणावं, तर फक्त दोन शब्द. चहावाल्याला तर सहज सांगितले होते. पण तेव्हा ती पाठमोरी होती. आता ती त्यांच्याकडे बघत होती. शब्द दातांपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"लेक आहे माझी!" कप्तान खुर्चीतून ताडकन उठले. "चिऊ! एकुलती एक! आणि तुम्ही सगळे जरा गप्प बसाल का? तिचं वाक्य अर्धं राहिलंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवलं! कप्तानांना आठवलं! न्हाव्याने चहावाल्याला मिठी मारली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी खिशात टाकली, आपल्या औषधाचाच गुण आल्यासारख्या थाटात. औषध दिलंच नव्हतं, ती गोष्ट वेगळी!

"शांत!"

हा आवाज कुठून आला, म्हणून सगळे इकडेतिकडे बघू लागले. धक्क्यावरचे पक्षी भुर्रकन उडाले. तो आवाज चिऊचा होता.

"बाबांवरची छत्री मिटा, मागच्यांना दिसत नाही. आत्या, चष्मा काढ, फरशी ओली आहे, पडशील. शिंपीकाका, टोपी उलटी घातलीय. कोणालाही काही झालेलं नाही. बसा सगळे. सांगते पुढचं."

आणि सगळे बसले! जन्मापासून तो धक्का बघत आलेली माणसं तिथेच मांडी घालून ऐकू लागली. आधी कोणी ओरडायचं नाही, कारण जहाजावर शेजारणीचं माणूस नसलंच, तर आपल्या आनंदाने तिचं रडणं आणखी जड होऊ नये. हे सांगताना चिऊचा आवाज पुन्हा खाली आला, पण आता तो शेवटच्या माणसापर्यंत जात होता. मग तिने पलीकडे बोट दाखवलं. "आणि तो वजनकाटा. माझे बाबा तिथे कामाला होते. मी लहान असताना मला त्यावर उभं करायचे, काटा तसूभरही हलायचा नाही. तेव्हा बाबा सगळ्यांना ओरडून सांगायचे, 'बघा, बंदरातला सर्वांत किमती माल! काट्याला पेलतच नाही!'"

कप्तानांनी काळा चष्मा पुन्हा घातला. त्या दिवशी वारा जरा खाराच होता.

फेरी संपल्यावर दुर्बीणवाल्या आजोबांनी चिऊचा हात हातात घेतला. "पोरी, खूप गावं पाहिली. पण गाव असं पाहुण्यांच्या मागे येऊन बसलेलं नव्हतं पाहिलं." आजी मात्र आत्याशी भुयाराबद्दल वाद घालत होत्या.

घरी आल्यावर कप्तान खुर्चीवर पाय पसरून बसले आणि त्यांना पुन्हा कंठ फुटला. "बघितलंस? हा गडी नसता तर आज तिसरी फेरी रद्द झाली असती!"

"घंटाघरापाशीच ओळखलं होतं तुम्हाला," चिऊ चहा गाळत म्हणाली. "त्या पांढऱ्या पट्ट्यावर डोळे गेले आणि इतकं हसू आलं, की घाबरायचंच राहून गेलं."

"मग? कामी आलो की नाही?"

चिऊने कप त्यांच्या हातात दिला. "बाबा, कचेरीतून फोन आला होता. एका फेरीत बाराच माणसं नेतात. या आठवड्यात पुष्कळ चौकशी झाली. दहा जागा कोणीतरी आधीच अडवून ठेवल्या होत्या, म्हणून वीस-एक माणसांना नाही म्हणावं लागलं."

स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

कप्तानांनी चहाचा घोट घेतला. छताकडे पाहिलं. मग कप खाली ठेवून उठले. "कपडे वाळले का, बघून येतो," म्हणाले आणि गच्चीत निघून गेले.

बराच वेळ ते आले नाहीत, तशी चिऊ त्यांच्या मागे गेली. दोरी मोकळी होती. त्या दिवशी कपडे धुतलेच नव्हते. ती त्यांच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, कुठेयत कपडे?"

"तेच तर बघतोय!" कप्तान म्हणाले.