मुनाफ आला, मुनाफ निघाला

मुनाफभाई कुठल्याही खोलीत शिरताना स्वतःच वर्दी देतात. "मुनाफ आला." निघताना पुन्हा, "मुनाफ निघाला." खोलीत माणूस असलाच पाहिजे असं नाही. जेद्दातल्या आमच्या इस्पितळाच्या सर्व्हर रूममध्ये नुसती यंत्रं घोंघावत असतात, पण त्यांनाही हा निरोप मिळतो. सुरुवातीला लोक हसायचे, मग सवय झाली. उत्तर मात्र कुणी देत नाही.

गाव दाभोळजवळचं, लग्न राहून गेलेलं, आणि इस्पितळाचा डेटाबेस सांभाळण्याची नोकरी. मी तिथेच पॅथॉलॉजीत डॉक्टर. राहायला आम्ही एकाच मजल्यावर, दारासमोर दार. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याच्या, झेरॉक्स उशीखाली, फ्रिजवर आणि आमच्या कपाटात. माझी बायको सुनंदा म्हणाली, "मुनाफभाई, चहा होतोय, बसा," तरी त्यांचा पहिला प्रश्न, "आणि नाही झाला तर?"

हा डेटाबेस फुकटातला, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला. फावल्या वेळात मुनाफभाईही त्यात भर घालत. त्यांचं काम त्यांनी मला आमच्या दारामागच्या खुंटीवरून समजावलं. "डॉक्टर, कुणी डेटाबेसात शिरला की सेशन सुरू, बाहेर पडला की संपलं. या दोन्ही वेळांना मी एकेक खुंटी ठोकतोय. तिच्यावर ज्याला जे टांगायचं ते टांगू दे. कोण आला त्याची नोंद, कोण गेला त्याची आवराआवर." मी म्हटलं, म्हणजे तुमचंच आला-निघाला. त्यांना ते विनोदी वाटलं नाही.

पहिली खुंटी त्यांच्यावरच उलटली. तिच्यावर टांगलेल्या त्यांच्या कोडमध्ये चूक होती, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण उंबऱ्यावरच अडकू लागला. ती चूक काढायला जे आत जायचे तेही अडकले. नशीब, यंत्र सरावाचं होतं. पण मुनाफभाई पांढरेफटक होऊन आमच्याकडे आले. "इस्पितळाचं असतं तर? ऑपरेशन चालू असतं तर?" रात्रभर विचार करून त्यांनी एक चोरवाट ठेवली, दुरुस्तीवाल्याला खुंटी न लागता शिरता यावं म्हणून. आणि सकाळी त्यांच्या फ्लॅटची जादा किल्ली आमच्या हातात ठेवली. सुनंदा म्हणाली, हे बरंय, कोड त्यांचा बिघडला आणि किल्ली आपल्याकडे.

दुसऱ्या खुंटीने मात्र त्यांची झोप उडवली. त्या प्रकल्पातल्या कुणा परदेशी जाणकाराने विचारलं, जो रीतसर बाहेर पडतो त्याची खुंटी चालेल, पण ज्याचं सेशन मध्येच मरतं त्याचं काय? मेलेला स्वतःच्या जाण्याची वर्दी कशी देणार?

मुनाफभाई जेवेनासे झाले. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. जेद्दाला येण्याआधी ते सौदीतच, रास तनुराला होते. खोलीत लतीफ नावाचा गाववाला होता. एका गुरुवारी मुनाफभाई बहिणीकडे दम्मामला गेले. घाईत होते, त्याला न सांगताच निघाले. शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी परतले तर लतीफ पलंगावर होता, थंड. "फोनवर कुणाकुणाचे मेसेज होते, डॉक्टर. सगळ्यांना वाटलं, झोपला असेल. उद्या मी तसा पडलो तर?" परमुलखात एकट्या माणसाला ही भीती असतेच, ते ती उघड बोलले इतकंच.

उत्तर त्यांना डेटाबेसातच सापडलं. सगळ्या सेशनना जन्म देणारा एक मूळ प्रोग्रॅम असतो. तो जागा असतो आणि कुठलं पोर पडलं ते त्याला कळतं. मग वर्दी त्यानेच द्यावी. हे लिहून पाठवलं आणि संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. "डॉक्टर, वहिनी, रोज सकाळी फज्रची नमाज पढून येताना तुमच्या दारावर एक टकटक करीन. उघडायचं नाही. फक्त ऐकायचं."

आम्ही ऐकू लागलो. सुनंदाचं दूध तापवणं त्या टकटकीवर बेतलं गेलं.

आणि एके सकाळी टकटक आली नाही. दूध उतू गेलं. सुनंदा म्हणाली, "अहो, जा." मी किल्ली घेऊन धावलो. समोरचंच दार, पण किल्ली भोकात जाईना. इतकी प्रेतं पाहिलेला मी, पण ते दार ढकलायला घाबरलो.

दारामागे मुनाफभाई उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट.

"चाचणी होती, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "न तपासलेल्या खुंटीवर भरवसा कसा ठेवायचा?"

मी आयुष्यात कुणाला इतकं बोललो नसेन. अक्कल काढली, वय काढलं. शेवटी त्यांचाच प्रश्न त्यांच्या अंगावर टाकला. "आणि नसतो आलो तर?"

ते खुर्चीवर बसले. "तेच ऐकत उभा होतो," म्हणाले. "तुमचं दार वाजलं, मग तुमच्या चपला. नंतर बराच वेळ किल्लीच लागेना. वाटलं, आता परत जाताय."

सुनंदा उरलेल्या दुधाचा चहा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवून गेली. तो संपेपर्यंत मी बसलो. मग ड्यूटीची वेळ झाली. दारात मी थांबलो.

"डॉक्टर निघाला," मी म्हटलं.

मुनाफभाईंनी मान वर केली नाही. "कळलं," म्हणाले.