वाकड्या मानेची दुर्बीण

आकाराम खाड्यांनी आयुष्यात एकही म्हैस दात न बघता घेतली नव्हती. दुर्बिणीला दात नसतात, ही त्यांची पहिली अडचण झाली.

मुरगूडच्या बाजारात आकारामांचा शब्द म्हणजे शिक्का. कुणाला म्हैस घ्यायची असली की लोक आधी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नेत. ते म्हशीभोवती दोन फेऱ्या मारत, कास चाचपत आणि "दूध दील, पण लाथबी दील" असं सांगून मोकळे होत. बहुतेक वेळा दोन्ही खरं ठरे. त्यामुळे त्यांच्या मुलीला, अनुजाला, दुर्बीण घ्यायची ठरली तेव्हा ती दुसऱ्या कुणी पारखायचा प्रश्नच नव्हता.

अनुजा कोल्हापुरात रायफल शिकत होती. पालथं झोपायचं, पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा आणि गोळी मारायची. गोळीचं भोक तुरीच्या दाण्याएवढं. ते दिसलं तर पुढची गोळी सुधारता येते, नाही दिसलं तर देवाचं नाव घ्यायचं. आजवर ती शेजारी नेम धरणाऱ्या सौंदर्या नावाच्या मुलीच्या दुर्बिणीत डोकावून भागवत होती. पण येत्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती आणि दोघींची गोळ्या मारायची पाळी एकाच वेळी आली होती. तिथं उसनवारी चालणार नव्हती.

तिला रायफल शिकवणाऱ्या विश्वजित सरांनी चिठ्ठी लिहून दिली. वीसपट पुरे, स्टँड जड असावा, डोळा लावायची नळी वर वाकलेली असावी, जुनी असली तरी चालेल. घरातून नऊ हजारांच्या वर निघणार नव्हते, त्यामुळे शेवटची अट सगळ्यांना फार आवडली.

जुनी दुर्बीण इचलकरंजीत निघाली. तिथल्या चनबसाप्पांचा मुलगा सम्राट पूर्वी नेमबाजी करायचा. आता तो बंगळूरला नोकरीला होता आणि त्याच्या दोन दुर्बिणी कपाटात पडून होत्या. अनुजाचा सराव होता, म्हणून बुधवारी आकाराम एकटेच गेले.

चनबसाप्पांनी दोन्ही टेबलावर मांडल्या. एक काळी कुळकुळीत, सरळ नळीची, साठपट. दुसरी खरचटलेली, वीसपट, मागची नळी मध्येच वाकून वर आलेली.

"ही घ्या पावणं," चनबसाप्पांनी खरचटलेली पुढे सरकवली. "सम्राट हिच्यावरच मेडल आणला. ती काळी नुसती दिसायला. पोरीला उपयोग न्हाय तिचा."

"मग घेतली कशाला?"

"पोरगं फसलं माझं."

आकाराम मनातल्या मनात हसले. तीस वर्षांच्या बाजारानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. विकणारा जी म्हैस सोडून पुढं आणतो ती भाकड, आणि जिला नावं ठेवून मागं बांधतो ती दुधाची. त्यात या दुर्बिणीची नळी वाकडी, म्हणजे खोड उघड दिसत होती. सरांनी वाकलेली लिहिलं होतं खरं, पण सर पडले शहरातले. गरिबाला स्वस्तात मिळावी म्हणून लिहिलं असेल, अशी आकारामांनी स्वतःची समजूत घातली.

"काळीचं बोला."

"अवो, पण पोरगी पालथी झोपून..."

"काळीचंच बोला."

आकारामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याखाली चनबसाप्पांचा हात धरला आणि बोटं दाबली. बाजारात भाव असाच ठरतो, तोंडानं नाही. चनबसाप्पांची हयात यंत्रमागावर गेलेली. त्यांना वाटलं, पाहुण्याला भरून आलंय. त्यांनीही प्रेमानं हात दाबला. आकारामांच्या लेखी तो आठ हजाराला होकार होता. चनबसाप्पा खरं तर सात सांगणार होते.

"पर तीन येळची धार बघणार. न्हाय पटली तर परत."

"धार?"

"आमच्यात म्हशीला तसंच असतंय."

चनबसाप्पांनी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं, पण माणूस त्यांना आवडला होता.

पहिली धार गुरुवारी सकाळी गच्चीवर निघाली. उभ्यानं बघितलं तर दुर्बीण झकास होती. ओढ्यापलीकडचं सगळं अंगणात आल्यागत दिसत होतं. आकारामांच्या आईनं, बयाबाईनं, डोळा लावला आणि लगेच काढला.

"आकाराम, माझी तांबडी कोंबडी धोंडुबाईच्या दारात हाय की रं."

बयाबाई तडक ओढा ओलांडून गेली. कोंबडी धोंडुबाईचीच निघाली. पण इतक्या लांबून ती दिसली कशी, या सवालाला बयाबाईनं खरं उत्तर दिलं आणि तिथं घात झाला. दुपारपर्यंत पलीकडच्या गल्लीतल्या बायांनी वाळत घातलेली लुगडी आत घेतली, आणि चारच्या सुमारास धोंडुबाई पाच जणींना घेऊन दारात उभी राहिली.

"आकाराम, वय काय तुजं? आणि गच्चीवर दुर्बीण लावून बसतूस?"

"काकी, पोरीसाठनं आणलीय."

"मग पोरीच्या हातात दे की. तू कशाला डोळा लावतूस?"

दुर्बीण गच्चीवरून उतरली.

दुसरी धार शुक्रवारी सकाळी उसाच्या बांधावर. कडब्याच्या गंजीला भोक पाडलेला कागद टाचला, पन्नास पावलं मोजली आणि अनुजा पोत्यावर पालथी झोपली. रायफल नव्हती, म्हणून काठी धरली. काठी खांद्याला लावून दुर्बिणीत बघायचं तर तिला कोपर सोडून, अर्धं उठून, मान मुरगाळावी लागे. साठपटीवर कागद पाण्यात पडल्यागत हलत होता.

"पप्पा, हलल्यावर नेम ऱ्हातोय व्हय? वाकडी नळी असती तर नुसता डोळा फिरवला असता."

"सवय न्हाय तुला. सरक, मी दावतो."

तिसरी धार आकारामांनी स्वतः काढली. ते पालथे झोपले, काठी धरली, मान वर उचलून सरळ नळीला डोळा लावला आणि हट्टानं तसेच राहिले. भोक दिसलं. "दिसलं की गं," ते म्हणाले, आणि मान तिथंच अडकली. अनुजानं आणि शेजारच्या ज्ञानूनं त्यांना काखेत धरून उभं केलं, तेव्हा ते डाव्या खांद्यावरून आभाळाकडं बघत होते.

बयाबाईनं तेल चोळलं, शेक दिला. मान हलेना. अनुजा कोपऱ्यात सरांची चिठ्ठी पुन्हा वाचत बसली होती. निवड परवावर आली होती आणि तिच्याकडं बघवत नव्हतं. आकारामांना पहिल्यांदाच वाटलं, आपण चुकलो. हे वाटणं मानेपेक्षा जास्त दुखलं.

शनिवारी ते वाकड्या मानेनं, ज्ञानूच्या मोटारसायकलवरून इचलकरंजीला गेले. खरचटलेली दुर्बीण कपाटात पार वर, जुन्या चादरीखाली गेली होती.

"पटली न्हाय काळी," आकाराम भिंतीकडं बघत म्हणाले. समोर बघता येत नव्हतं. "दुसरी दावा."

"ती व्हय?" चनबसाप्पा शाळेतल्या पोरानं पाठ म्हणावा तसे म्हणाले, "ती नको. ती खराब हाय. ती मला विकायची न्हाय."

आकारामांच्या अंगात एकदम जीव आला. माल लपवायला लागलं म्हातारं. म्हणजे दूध इथंच आहे.

"काढा खाली."

"नको पावणं. लई वाईट हाय."

"काढा म्हणतो न्हवं."

टॉवेल निघाला, बोटं दाबली गेली. काळी देऊन वाकडी घेतली, वर दोन हजार परत आले आणि आकाराम जिंकल्यासारखे घरी पोचले.

रविवारी रेंजवर अनुजा झोपली ती हललीच नाही. गोळी मारायची, नुसता डोळा वाकड्या नळीकडं फिरवायचा, भोक बघायचं, पुढची गोळी. दुपारी फळ्यावर चार नावं लागली. चौथं अनुजाचं होतं. आकारामांनी ते वाकड्या मानेनं दोनदा वाचलं.

मग मात्र आकाराम सुरू झाले. "सर, म्हातारा दाबून ठेवत हुता ही. चादरीखाली घातल्याली. मी वळखलं."

विश्वजित सर अनुजाकडं बघून हसले. तेवढ्यात गर्दीतून चनबसाप्पा आले. मुलाची दुर्बीण पुन्हा मैदानात उतरलेली बघायला ते मुद्दाम आले होते.

"पोरी, जमलं का गं मला? जन्मात वस्तूला वाईट म्हणून विकली नव्हती. तू फोनवर सांगितलीस तसंच बोललो."

आकाराम वळले. मान वळत नव्हती म्हणून अख्खेच्या अख्खे वळले.

"तू फोन केल्तास?"

"मग काय करू? त्यांनी चांगली म्हटलं असतं तर तुम्ही परत काळीच आणली असती की."

"कुणी शिकीवलं तुला असलं?"

"तुम्हीच. बारा वरसं तुमच्या मागनं बाजारात हिंडलोय. म्हशीसंगं माणूसबी बघत हुतो मी."

आकारामांना क्षणभर लाज वाटली. तीस वर्षं लोकांची जनावरं पारखली, आणि पोरीनं घरातच त्यांना पारखून ठेवलं होतं. पण लाज फार टिकली नाही, कारण छाती भरून आली होती आणि दोन्हीला जागा नव्हती. त्यांनी टॉवेल काढला, अनुजाचा हात त्याखाली घेतला आणि पाचही बोटं घट्ट धरली. एका हातात याहून मोठा भाव मावत नाही. अनुजाला तो भाव कळत होता. तिनं मान खाली घातली.

चनबसाप्पा कौतुकानं बघत होते.

"लई मायाळू माणूस," ते सरांना म्हणाले. "माझाबी हात दोनदा असाच धरला हुता."