यशवंतमास्तरांच्या विहिरीतला समुद्र

सकाळी सहाच्या सुमारास यशवंतराव विहिरीच्या काठावरून कमरेपर्यंत आत वाकले होते आणि मागून विमलबाईंनी त्यांच्या धोतराचा सोगा घट्ट धरून ठेवला होता. हा महिनाभराचा रोजचा कार्यक्रम होता. यशवंतरावांच्या हातात जमीन मोजायची टेप होती, टेपच्या टोकाला वजन म्हणून पितळी कुलूप.

"उतरून राह्यलं!" विहिरीतून आवाज घुमला. "विमल, लिही. सहा वीस, चार बोटं खाली!"

"लिहू का तुमाले धरू? दोन्ही नाही होणार मायाच्यानं."

आदिलाबादजवळच्या आपल्या तामसी गावच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून यशवंतराव निवृत्त झाले होते. इतकी वर्षं त्यांनी पोरांना समुद्र शिकवला तो नकाशावरचा. प्रत्यक्ष पाहिला तो यंदाच्या दिवाळीत. त्यांची मुलगी मयूरी कोनसीमेत, गोदावरी फुटून समुद्राला मिळते त्या भागात, भूजलाच्या पाहणीचं काम करत होती. तिच्या घरामागची विहीर पाहून मास्तर थक्कच झाले. हात घातला तर तांब्या भरेल इतकं पाणी वर, आणि तेही दिवसातून दोनदा वर-खाली होणारं!

"समुद्राले भरती आली की नदीचं पाणी मागं रेटलं जाते, बाबा," मयूरीने सांगितलं होतं. "नदी फुगली की जमिनीखालचं पाणीही उचलते."

पुढे तिने बरंच काही सांगितलं. कालव्याला पाणी सोडलं, धानाची बांधी भरली की विहिरी चढतात. उन्हाळ्यात कालवे बंद होतात, पंप चालतात, तेव्हा खोल जातात. आणि भरतीचा खेळ काय तो किनाऱ्यालगतच. पण तोवर मास्तरांचं ऐकणं संपलं होतं. ते भरतीतच अडकले होते.

घरी परत आल्यावर त्यांनी सहज म्हणून आपल्या विहिरीत टेप सोडली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. सकाळी वीतभर खाली, दुपारी वर, संध्याकाळी पुन्हा खाली! मास्तरांनी नकाशा काढला. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला, गोदावरी समुद्राला. दुवा जुळला. शेकडो कोस लांबचा समुद्र आपल्या परसात श्वास घेतोय, या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

सगळ्यात आधी विश्वास ठेवला तो शेजारच्या सुधाकररावांनी. त्यांचं अर्ध्या एकराचं वावर मास्तरांच्या विहिरीला लागूनच होतं, मध्ये फक्त एक भिंत.

"मास्तर, मले आधीपासूनच शक होता," ते गंभीरपणे म्हणाले. "समुद्रच हाय हा. दुसरं काईच असू शकत नाही."

"तुमाले पटलं?"

"पटलं म्हंजे? तुमी लिहून ठेवा, मी गावाले सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. आठवडी बाजारात सांगितलं, आदिलाबादच्या बसमध्ये सांगितलं. शिवाय मास्तरांच्या घरी रोज मेथीची एक जुडी आणि चार वांगी पाठवू लागले. माणूस किती मोठ्या मनाचा, असं मास्तर म्हणत. यंदा वावरात एवढी मेथी कशी काय, असं विमलबाई म्हणत.

पंधरा दिवसांत विहिरीवर गर्दी होऊ लागली. कुणी कठड्याला हळदीकुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला. एकाने पाणी चाखून खारट असल्याचा निर्वाळा दिला.

"खारट लागनारच," विमलबाई म्हणाल्या. "त्याच बादलीत आताच लोनच्याची बरनी खंगाळली मी."

पण ऐकतो कोण! आलेला प्रत्येक जण तीर्थ म्हणून बाटली भरून नेत होता, आणि विमलबाईंना भाजीपुरतं पाणी मिळायची मारामार झाली. शेवटी सरपंच भाग्यलक्ष्मीताईंनी रविवारी संध्याकाळी पाच वाजता जाहीर ओहोटीदर्शन ठेवलं. मांडव, माईक आणि मास्तरांचं भाषण.

शनिवारी मयूरी येऊन थडकली. आल्या आल्या तिने हसण्याऐवजी बापाची वही मागितली. मास्तर अभिमानाने समोर बसले. अर्धा तास ती पानं उलटत राहिली.

"बाबा, नोंदी एकदम पक्क्या हायेत. आमच्याकडच्या पोरांच्याही इतक्या साफ नसतात."

मास्तरांची छाती फुगली.

"पन समुद्राची भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. आज सहाले, तर उद्या पावणेसातले. तुमचा समुद्र महिनाभर सहाच्या ठोक्यालेच कामावर येऊन राह्यला. असा टायमाचा पक्का समुद्र मी नाही पाह्यला."

मास्तरांनी वही आपल्याकडे ओढली. ही गोष्ट ते चौतीस वर्षं नववीच्या वर्गाला शिकवत आले होते.

"अन् बारा ते चौदा तारखेले पानी जागचं हललंच नाही. समुद्र सुट्टीवर गेल्ता काय?"

"बारा ते चौदा?" विमलबाई चुलीपाशी थबकल्या. "तवा तर सुधाकर भाऊजी बासरले गेल्ते. सरस्वतीच्या देवळात नातवाचं पयलं अक्षर गिरवाले."

मग तिघंही उठले आणि भिंतीकडे चालू लागले.

भिंतीपलीकडे गेल्या वर्षीच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मोठा ढीग होता. मयूरीने दोन भारे बाजूला केले. खालून बोअरचा नवाकोरा पाइप वर डोकावला. मोटर आत खोल पाण्यात होती, त्यामुळे आवाज म्हणून नाही.

सुधाकरराव मेथीला पाणी देत होते. त्यांनी वर पाहिलं, पाइपकडे पाहिलं आणि मटकन बांधावर बसले.

"तुमी दिवाळीत पोरीकडं गेल्ते, तवा मारला," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हिरीजवळ बोअरले मंजुरी कोन देते? दरख्वास्तच नाही केली."

"अन् समुद्र, समुद्र काऊन करत होते मग?" मास्तरांचा आवाज चिरका झाला होता.

"तुमी स्वतःच म्हनले ना जी! मी म्हनलं, देवच पावला. इतक्या हुशार मानसाच्या तोंडून आलं, आता कोन शोधते बोअर?"

हे ऐकून रागवावं की सुखावावं ते मास्तरांना कळेना. मयूरीने मात्र हिशेब रोखठोक मांडला. खालच्या खडकात एकच भेग, तिच्यावर विहीर आणि बोअर दोन्ही जगणार. असाच उपसा चालला तर चैत्रात दोन्हीकडे खडखडाट. मग भिंतीशी उभ्या उभ्याच ठरलं: मोटर एक दिवसाआड, तासभरच. पावसाचं पाणी मुरवायला दोन्ही घरांच्या वळचणीखाली खड्डे, आणि ते सुधाकररावांनी खणायचे.

राहिलं रविवारचं भाषण. मास्तरांना रात्रभर डोळा लागला नाही. खरं सांगावं तर शेजारी अडकतो, न सांगावं तर चौतीस वर्षांची मास्तरकी बुडते. पाच वाजता त्यांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, मी चुकलो. समुद्र नाही आपल्या गावात. पानी एकाच्या उपशानं खाली जाते अन् थांबलं की वर येते, एवढंच आहे." बोअरचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मांडवात खसखस पिकली. "मास्तर, आमाले नापास करत होते, आता?" कुणीतरी ओरडलं. मास्तरांनी मान खाली घातली. तेवढ्यात सुधाकरराव ताडकन उठले.

"हसू नका! बोअर माया हाय. बिनामंजुरीचा. मास्तरांच्या वहीनं पकडला. गावात आनखी कोनाकोनाचा हाय, तेही वही सांगेल!"

हशा एकदम थांबला. मागच्या चार रांगा चपला शोधू लागल्या आणि पाच मिनिटांत मांडवात भाग्यलक्ष्मीताई, माईकवाला आणि दोन्ही घरची माणसं एवढेच उरले. दुसऱ्या दिवसापासून मात्र एकेक जण हळूच येऊन विचारू लागला, "मास्तर, आमच्या हिरीतही टेप सोडून पाहता का?" आठवडाभरात त्यांच्याकडे नऊ विहिरींच्या वह्या झाल्या.

एके दुपारी नार्नूरहून नागसेन आणि चंचल हे जोडपं दोन बस बदलून दारात येऊन उभं राहिलं. हातात नारळ, कपाळावर घाम.

"समुद्र पाहाले आलो जी."

"समुद्र नाही हो तो," मास्तर ओशाळून म्हणाले. "शेजारच्या मोटरीनं पानी खाली जात होतं."

दोघांचे चेहरे पार उतरले. चंचल नारळाकडे बघत पायरीवर बसली. विमलबाईंना काही ते बघवेना. त्यांनी दोघांना आधी चहा दिला, पदराला हात पुसले आणि भिंतीपाशी जाऊन टाचा उंचावल्या.

"ओ सुधाकर भाऊजी! लांबून पाहुने आले. जरा ओहोटी सोडा!"