अण्णांचं तक्रारीचं पान

आमच्या सातपूरच्या अण्णा शेवाळेंना कुणी चिवडा चांगला झालाय म्हटलं, की ते तराजू खाली ठेवायचे आणि त्या माणसाकडे खिसेकापूकडे बघावं तसं बघायचे. "चूक काय ते बोल," म्हणायचे. एका नव्या जावयाने खूश होऊन लागोपाठ तीनदा 'वा' म्हटलं, तर त्याच्या हातातला पुडा अण्णांनी परत घेतला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. न पाहिलेलंही मी शपथेवर सांगतो, तो भाग वेगळा.

अशा माणसाने चिवड्याची वेबसाइट करायला घेतली. काम गल्लीतल्या पल्लवीकडे दिलं. तिने झकास फोटो काढले आणि खाली ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी जागा ठेवली. अण्णांनी फर्मान काढलं, इथे फक्त तक्रारी घ्यायच्या. अशाने धंदा बसेल, असं ती बिचारी परोपरीने सांगत होती.

"कौतुक करणारा खाऊन जातो गं," अण्णा म्हणाले. "शिव्या घालणारा परत येतो."

वाक्य भारदस्त होतं, पण त्यामागे सोनवणे होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सोनवणे एका कारखान्यात लेथवर होता. पहिली पाळी सुटली की दुकानाला सायकल टेकवायचा, मूठभर चिवडा तोंडात टाकायचा आणि अण्णांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. "अण्ण्या, गाढवा, ह्यो चिवडा हाय का लाकडाचा भुसा?" त्या आवाजाने पलीकडच्या कारखान्यातली यंत्रं दचकून बंद पडायची. अण्णा दुप्पट आवाजात उत्तर द्यायचे. मग दोघं एक चहा दोन बशांत ओतून प्यायचे.

निवृत्त झाल्यावर सोनवणे मुलाकडे, चांदवडला गेला. त्यानंतर ना फेरी, ना फोन. त्याचा नंबर अण्णांकडे होता, पण दुकानदाराने गिऱ्हाइकाला बोलावणं धाडायचं नसतं, असा त्यांचा बाणा. वेबसाइटचं तसं नाही. ती साऱ्या जगासाठी उघडी. त्यात एकटा सोनवणे येऊन ओरडून गेला, तर अण्णांची मान खाली जात नव्हती.

साइट सुरू झाली. रोज कढई चढवण्याआधी अण्णा पल्लवीच्या दारात हजर. आला का? नाही. तक्रारीच्या जागेतही यायची ती मेली कौतुकंच. देवळाली कॅम्पातून एका सुभेदाराच्या बायकोने पाकीट फुटलेलं निघाल्याचं कळवलं, तेव्हा अण्णा नवं पाकीट घेऊन वरातीला निघाल्यासारखे बसने गेले. संध्याकाळी उतरल्या चेहऱ्याने परतले. फार गोड बोलली म्हणे.

पुढे माझं कांद्याच्या कामासाठी चांदवडला जाणं झालं. अण्णांना न सांगता एक पाकीट घेऊन मी सोनवण्याचं घर शोधलं. तो खाटेवर होता. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. चांगल्या हातावर मी चिमूटभर चिवडा ठेवला. तो बराच वेळ चघळत राहिला.

"छान झालाय," म्हणाला. अगदी हळू. आणि एकच हात छातीशी नेऊन मला नमस्कार केला.

बाहेर आल्यावर गाडीची किल्ली लावायचं मला सुचेना.

परत येऊन अण्णांना सांगितलं, सोनवणे भेटला. त्यांचा झारा कढईवर तसाच राहिला.

"काय म्हणाला?"

वाघाच्या मिशा उपटल्याच्या थापा मारणारा मी, मला काय अवघड? मीठ कमी आहे म्हणाला, मिरची जुनी म्हणाला, पोहे कच्चे म्हणाला. अण्णा ऐकत राहिले. मी थांबलो, तरी पुढचं काही येईल म्हणून वाट बघत राहिले.

"शिवी नाही दिली?"

मी पाकिटांची चळत उगाच सरळ करायला लागलो.

"बरा नाही का रे तो?"

"नाही अण्णा. अर्ध्या अंगावरून वारं गेलंय."

त्यांनी गॅस बंद केला. परातीत चिवडा ओतून घेतला आणि खाली बसून त्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप एकेक करून बाजूला काढायला लागले.

"चावायला जड जातील त्याला," म्हणाले. "सकाळच्या पहिल्या गाडीने निघतो."