भांडारबाईंची रांग

मुलींच्या युवा चळवळीच्या विभागीय संमेलनाचा शेवटचा दिवस होता आणि भांडारबाई सकाळपासून उशा मोजत होत्या. हात उशांवर होता, पण डोळे खिडकीतून समोरच्या व्हरांड्यावर खिळले होते. तिथे गाणीताई पायरीवर बसून मुलींच्या वह्यांत सह्या करत होती आणि तिच्यापुढची रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती.

गाणीताई यंदाच आली होती. पाच दिवस गाणी शिकवली, टाळ्या वाजवून घेतल्या, झालं! भांडारबाईंचं हे अकरावं संमेलन. एकशे ऐंशी मुलींना उशा, चादरी, बादल्या पुरवायच्या, नळ गळायला लागला की प्लंबरला गाठायचं, कुणाचं पोट दुखलं की गरम पाण्याची पिशवी घेऊन धावायचं, हे सगळं त्यांनीच निस्तरलं होतं. आणि सही? अकरा वर्षांत एकीनेही मागितली नव्हती. बाईंचा नुसता जळफळाट चालला होता.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी धावत खिडकीशी आली. बाईंनी लगबगीने केस सारखे केले.

"बाई, पेन आहे?"

"आहे ना! कुठे करू सही?"

"तुम्ही नको. ताईंच्या पेनातली शाई संपलीय."

बाईंनी पेन दिलं, पण त्यानंतर त्यांना बसवेना. तरातरा ऑफिसात जाऊन त्यांनी माइक हातात घेतला. "सर्व मुलींनी लक्ष द्या. उशी, चादर आणि बादली भांडारात जमा करून चिठ्ठी घ्यायची आहे. चिठ्ठीवर माझी सही असल्याशिवाय कुणालाही फाटकाबाहेर सोडणार नाही."

दर वर्षी मुली सामान दारात टाकून जात आणि कुणाचं काही बिघडत नसे, ही गोष्ट त्यांनी माइकवर सांगितली नाही. फाटकावरच्या वॉचमनकाकांना मात्र त्यांनी जातीने जाऊन बजावलं.

"चिठ्ठी नाही तर बाहेर जाणं नाही, काका. कुणीही असो."

"कुणीही म्हणजे कुणीही?"

"कुणीही!"

काकांनी छाती पुढे काढली. पाच दिवसांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी काम मिळालं होतं.

दहा मिनिटांत रांग व्हरांड्यातून उठली आणि भांडारापुढे येऊन उभी राहिली. बाईंना अगदी भरून आलं. पेन गेलंच होतं, म्हणून त्या लाल पेन्सिलीने, आडनावासकट, तारीख घालून सावकाश सही करायला लागल्या. मध्येच एक नजर पायरीकडे. गाणीताई एकटीच पाणी पीत बसली होती. बाईंनी सहीखाली एक रेघही ओढायला सुरुवात केली.

पण रांगेत उभ्या राहून मुली कंटाळल्या आणि गाऊ लागल्या. ते ऐकून गाणीताई आलीच! रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाळ्या वाजवत फिरू लागली. रांग बाईंची, मजा तिची. बाईंचं डोकं सणकलं. त्यांनी उशांची शिवण तपासायला घेतली, बादल्यांच्या कड्या ओढून पाहिल्या. "हा अभ्रा उसवलाय. शिवून आण, मग सही!"

मग ज्यांच्या उशा सापडत नव्हत्या, त्या मुलींनी मागच्या खिडकीतून जमा झालेल्याच उशा बाहेर काढल्या आणि पुढच्या दाराने पुन्हा जमा केल्या. निम्मी रांग संपली तेव्हा बाईंच्या यादीत नव्वद उशा परत आल्या होत्या. ढिगात होत्या एकोणसाठ. बाईंनी सगळ्या पुन्हा मोजायला काढल्या.

तिकडे समारोपाची वेळ झाली. अध्यक्षबाईंनी "माझ्या लाडक्या मुलींनो" म्हणून मान वर केली, तर समोर नुसत्या खुर्च्या. प्रमुख पाहुण्या वैतागून निघाल्या, त्यांना काकांनी फाटकात अडवलं आणि थेट रांगेत पाठवून दिलं.

"उशी?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"अहो, मी आज सकाळीच आलेय!"

"निदान चादर तरी?"

पाहुण्यांच्या मागोमाग अध्यक्षबाई आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "बाई, समारोप कुणी गिळला म्हणून शोधत होते. बाहेर बस हॉर्न वाजवतायत! पाच मिनिटांत सगळ्यांना चिठ्ठ्या द्या!"

बाईंनी पाच मिनिटांत नव्वद सह्या केल्या. आधी तारीख गेली, मग आडनाव, शेवटी नुसता फराटा उरला. मुली चिठ्ठ्या हिसकून पळाल्या. एकीनेही सहीकडे पाहिलं नाही.

बाई आपली बॅग घेऊन फाटकाशी आल्या.

"चिठ्ठी?" काका म्हणाले.

"अहो काका, चिठ्ठ्या मीच देते!"

"पण तुमची कुठाय? आणि स्वतःची सही स्वतःला चालत नाही. चालली असती तर मी रोज स्वतःला रजा दिली नसती? बॅग इथे ठेवून जा आणि त्या गाणीताईंची आणा. त्यांची सही मला ओळखता येते." काकांनी खिशातून एक कागद काढून दाखवला. त्यांनीही घेतली होती.

गाणीताई बसच्या दारात उभी राहून उरलेल्या सह्या करत होती. बाई तिच्यापाशी घुसायला लागल्या, तोच सातआठ मुली एकदम ओरडल्या, "बाई, लाईन इकडून आहे!" बाई मुकाट्याने शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर बाईंनी एक कोरी चिठ्ठी पुढे केली. गाणीताईने गडबडीत मान वर न करताच चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि ती बसमध्ये चढली.

काकांनी चिठ्ठी लांब धरून मोठ्याने वाचली. "'अशीच गोड राहा.'" त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे.

"ही तुमचीच ना?"

"माझीच! आणा इकडे!"

बस सुटली. ही चिठ्ठी पहिल्या वळणावर खिडकीबाहेर भिरकावायची, असं बाईंनी ठरवलं होतं. वळण आलं आणि गेलं. शेजारची मुलगी वही उघडून गाणीताईची सही कौतुकाने न्याहाळत होती. बाईंनी हळूच डोकावून पाहिलं. नुसती सही होती. मागेपुढे एक अक्षर नव्हतं.

बाईंनी चिठ्ठी पर्समधून काढली, नीट उलगडली आणि मुलीला वाचता येईल अशी मांडीवर पसरून ठेवली.