दादारावच्या बाईची सावली

आमच्या आसेगावात दादारावच्या घरचा चहा पाह्यजे असन, त आधी त्याच्या फुलायच्या वाफ्यात उभं राहून पाय धुवा लागतात. पाहुणा असो का सरपंच, दादाराव लोटा हाती देते अन् म्हणते, "साबण नाही हं! बाईले सोसत नाही."

बाई म्हंजे प्रिमरोजचं फूल. दादाराव एसटीचा रिटायर डायवर. डोंगराकडं देवदर्शनाले गेला. लोकायनं परसाद आणला, यानं या फुलाचं बियाणं आणलं. मी म्हटलं, "दादाराव, आपल्या उन्हात तुरीले घाम फुटते, अन् थे थंडीतलं फूल जगन काय?"

"सावली अन् ओल, बापू. माणसाले तरी दुसरं काय लागते?"

घरामागं लिंबाखाली त्यानं पाला कुजवून वाफा केला, वर ओलं पोतं टांगलं. सोताची आंघोळबी तिथंच, हिवाळ्यात, कुडकुडत. कावून, त पाणी वाया नाही गेलं पाह्यजे! अन् खरंच, जांभळी-गुलाबी फुलं आली.

मंग काय! शेलूबाजारचे लोकं फटफटीवर येऊन फोटो काढून राह्यले. माझ्या झेंडूनं दर दसऱ्याले गावाचे दरवाजे सजवले, पण त्याच्यासंगं फोटो काढाले कुत्रं नाही आलं. आमची बुढी, माझी बायको, त रोज पाय धुवाले तिकडंच.

"घरी नळ नाही काय?"

"नळाले फुलं नाहीत," म्हणे.

चैत लागला, तशी बाई मान टाकाले लागली. मले वाटलं, जिरली. मुद्दाम पाहाले गेलो. त यानं खोलीतला कूलर बाहेर ओढून वाफ्यापुढं लावला होता. सोता बाजूले घामानं निथळत बसला होता.

"अबे, फुलं हायत थे! मेली त मेली."

"मेली त दारात कोण येईन? माझी घरवाली पारबती गेल्यावर कोणी आलं होतं काय? तू आला होता?"

मी घरी आलो. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

फुलं त गेलीच. लोकंबी गेले. आमची बुढी नळावर आली. एका दुपारी त्याच्याकडं जाऊन पाह्यलं, त कूलर रिकाम्या वाफ्यालेच वारा घालून राह्यला होता.

"धर तिकडून," मी म्हटलं.

दोघायनं तो उचलून खोलीत नेला. दिवस मावळेपर्यंत मी तिथंच बसलो. आता रोज जातो. त्याच्या कूलरची हवा चांगली लागते म्हून. दुसरं काही नाही.