माझ्या लॅबमधले गैरहजर

आधीच सांगते, तेल्हाऱ्यात कॉम्प्युटरमधलं माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! दहावीला ब्याण्णव टक्के पडले, अकरावी सायन्सही मारली, आणि माझी मान इतकी ताठ झाली की आई म्हणायची, "पायल, जरा वाकून चाल माय, चौकट लागन."

तर मे महिन्याच्या सुट्टीत मी ठरवलं, घरी लॅब काढायची. मशीन एकच, पण त्याच्या पोटात एकाच वेळी चार मशीन चालणार! चौघांचा संसार वेगळा. एकाला ताप आला तरी बाकी तिघांना पत्ता नाही. अमरावतीला इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या चुलतभावानं, धम्मदीपदादानं, होस्टेलात असंच केलं होतं.

"एकाच्या अंगात चार जण?" आई म्हणाली. "म्हणजे अंगात येनंच झालं की वं! आपल्या घरात असलं चालत नाही, माहीत आहे ना तुले?"

"आई, हे विज्ञान आहे!"

"असन. आठ दिवस ठेव. गल्लीतून एक जरी तक्रार आली, तर आलं तसं वापस!"

बाबा एसटीत कंडक्टर, त्यामुळे घरातलं सरकार आईचंच.

दादानं फोनवर तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या. एक, मेमरी मिळेल तितकी घे. चौघांना जेवू घालायचं तर पातेलं मोठं पाहिजे. दोन, प्रोसेसरला मशीनच्या पोटात मशीन चालवता आलं पाहिजे, सगळ्यांना ते येत नाही. तिसरी सांगायच्या आत मी "कळलं रे दादा!" म्हणून फोन ठेवला. दोन कळल्यावर तिसरी कशाला!

अकोल्यात अब्दुल सत्तार चाचांचं जुन्या मशीनचं दुकान आहे. तिथं मी तीन मशीनं पाहिली. पहिलं एका ऑफिसातलं. शांत, स्वच्छ, पण मेमरी चिमणीच्या पोटाएवढी. दुसरा लॅपटॉप, त्याची मानच मोडलेली. आणि तिसरं कोपऱ्यात, पोत्याखाली झाकलेलं. काळं, लांब, आडवं निजलेलं. मी धूळ पुसायला हात लावला तर पत्रा गार! बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि हे मडक्यासारखं गार!

"चाचा, मेमरी?"

"बत्तीस."

झालं! माझ्या डोळ्यांसमोर चार काय, आठ मशीनं नाचायला लागली. "चाचा, हेच!"

पण चाचांचा चेहरा उतरला. विकायला आलेली वस्तू विकताना दुकानदाराचा चेहरा उतरतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बेटा, वो ऑफिसवाला ले जा. ये कपास के सेंटर से आया है, सेंटर बंद हुआ तब. दो जने वापस कर के गए."

"काहून?"

"बोले, बोलता है."

मी इतकी हसले की बाजूच्या दुकानातला माणूस वाकून पाहायला लागला. बोलतं म्हणे! सायन्सच्या पोरीला सांगायची गोष्ट आहे का ही!

घरी आणून बटण दाबलं आणि दादाची तिसरी गोष्ट काय असणार ते आपोआप कळलं. आवाज! बापरे, काय तो आवाज! भिंतीवरचं कॅलेंडर उडालं, मांजर जे गेलं ते रात्री जेवायलाच आलं. पाचव्या मिनिटाला समोरच्या घरातल्या भागीरथाआजी दारात हजर, डोक्यावर ज्वारीचा डबा!

"पीठगिरनी टाकली म्हन्ते तुमी? बरं झालं माय, नाक्यावर जा लागत होतं!"

भागीरथाआजींचे मालक म्हणजे डोमाजीआबा. अख्खी गल्ली त्यांना 'गैरहजर आबा' म्हणते. पाच वर्षांपूर्वी याच कापूस खरेदी केंद्रावर ते बैलगाडी घेऊन तीन दिवस रांगेत होते. त्यांच्या टोकनचा नंबर आला तेव्हा म्हणे हे जागेवर नव्हते. 'गैरहजर' असा शिक्का पडला, आणि कापूस आला तसा वापस. आजींचं म्हणणं, चहा प्यायला गेले असतील. आबांचं म्हणणं, "मी जागचा हाललो नाही. मले हाकच नाही मारली!" पाच वर्षं ते हेच सांगत होते, आणि पाच वर्षं पोट्टे त्यांना पाहून शाळेतल्या हजेरीसारखं ओरडत होते, "डोमाजी? गैरहजर!" आबा मान खाली घालून निघून जायचे. भांडायचे सुद्धा नाहीत.

असो. मी एका डिस्कवर माझं नवं सगळं टाकलं. दुसरी जुनी डिस्क राहू दिली, असू दे म्हटलं. मागं स्पीकरचं भोक दिसलं तर बाबांचे जुने स्पीकरही जोडले, गाण्यांसाठी.

आमच्याकडे लाइट बारा ते चार जाते. दुसऱ्या दिवशी मी पलंगावर पडले होते. गल्लीत चिटपाखरू नाही, ऊन असं की सावल्यासुद्धा घरात शिरलेल्या. चार वाजता लाइट आली. पंखा फिरला. आणि मी हात लावला नसताना ते काळं मशीन आपणहून घरघरायला लागलं.

मग आवाज थोडा बसला. आणि मशीन बोललं.

"टोकन क्रमांक... एकशे... सतरा..." एक बाई बोलत होती. प्रत्येक शब्द वेगळा, जसा कोणी विहिरीतून एकेक बादली वर ओढतोय. मग खर्रर्र झालं आणि एका माणसाचा आवाज आला. "डोमाजी किसन, तेल्हारा." आणि परत ती बाई, "काट्यावर... या."

माझ्या अंगावर असा काटा आला की हातावर लिंबू किसता आलं असतं! तो आवाज आबांचा होता! थोडा तरुण, पण आबांचाच!

तीनदा हाक झाली. मग मशीन काही वेळ गप्प राहिलं, आपण दारात कोणाची वाट पाहतो ना, तसं. आणि म्हणालं, "गैरहजर."

मी वायर उपटली आणि मोरीत जाऊन बसले. विज्ञान मोरीतूनसुद्धा करता येतं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. भीती नव्हती हो, पुरावा कमी होता! पण तिसऱ्या दिवशी लॅबसाठी वायर परत लावावीच लागली, आणि चार वाजता तेच. फक्त या वेळी खिडकी उघडी होती. समोर ओट्यावर आबा बसले होते. स्वतःचाच आवाज स्वतःला बोलावतोय, हे त्यांनी तीनदा ऐकलं. मग उठले आणि आत गेले.

चौथ्या दिवशी सकाळी भागीरथाआजी आमच्या दारात. डबा नव्हता, डोळ्यांत पाणी होतं.

"बुढ्यानं कालपासून अन्न सोडलं वो बाई! पेटीतलं नवं धोतर काढून ठेवलं. म्हन्ते, मलेच मी बलावून राहिलो, आता जा लागते."

"काहीतरीच!" आई म्हणाली, पण तिचाही आवाज हलला. "भूतबीत काही नसते, आजी."

"भूत नाहीच हे! भूत एकदाच हाक देते. तीन-तीनदा बलावते म्हन्जे सरकारी काम आहे!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आठ दिवसांपैकी उरलेले चारही संपले होते. "पायल. आजच्या आज हे अकोल्याले वापस. मानसाच्या जिवावर आलं."

आता मात्र माझी ताठ मान खरंच खाली आली. मशीन परत गेलं तर आबांचं काय? ते तसेच नवं धोतर पुढ्यात घेऊन बसणार, आणि त्यांना कोणी बोलावलं हे कोणालाच कळणार नाही. मी म्हटलं, "आई, चार वाजेपर्यंत थांब फक्त. पाया पडते."

चार वाजता मी एका हातात आईचा पदर धरून मशीनपुढे बसले. (पदर तिला धीर यावा म्हणून धरला होता.) लाइट आली, घरघर झाली, आणि या वेळी मी डोळे मिटायच्या ऐवजी पडदा पाहिला. माझी नवी डिस्क सुरूच नव्हती! मशीनचा आतला सेल मेलेला. दर वेळी लाइट गेली की ते सगळं विसरायचं, मी शिकवलेलंसुद्धा, आणि जुन्या डिस्कवर जाऊन केंद्राचं काम जिथं सोडलं होतं तिथून परत सुरू करायचं. केंद्र बंद झाल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"हाव, टोकन देतानी माइक समोर धरत होते," मागून आवाज आला. आबा! नवं धोतर नेसून आमच्या दारात उभे. "म्हने, नाव बोला. म्या बोललो."

म्हणजे आवाजाचा उलगडा झाला. मी नोंदींची फाइल उघडली. टोकन एकशे सतरा. पहिली हाक एक वाजून बारा मिनिटं. दुसरी चौदा. तिसरी सोळा. आणि तिन्हींच्या पुढे मशीननं स्वतःच लिहिलं होतं, 'लाइट नाही, बॅटरी चालू.'

मी दोनदा वाचलं. मग ओरडलेच!

"आबा! मशीन बॅटरीवर होतं, पण केंद्रावरचा भोंगा लाइटवर होता! यानं तुम्हाला तीनदा हाक मारली, पण बंद भोंग्यात! कोणालाच ऐकू गेली नाही!"

आबा खाली बसले. मग आजींकडे पाहून म्हणाले, "आयकलं?"

"आयकलं," आजी म्हणाल्या.

"चहाले गेलो होतो म्या?"

"नाही गेलते."

आबांनी उठून मशीनसमोर हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "डोमाजी किसन, हजर!" मी पडद्यावरचं 'हजर'चं बटण दाबलं. आबांनी तिथंच आजींकडे भाकर मागितली.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं! पण बटण दाबताच मशीन म्हणालं, "टोकन क्रमांक... एकशे... एकतीस..." आणि वेगळाच आवाज, "भगवंत सोनाजी, दानापूर."

मी यादी पाहिली. लाइट नसताना हाक गेलेले सगळे त्यात होते, मशीननं परत बोलवायचे म्हणून मागं ठेवलेले. आबा धरून चौऱ्यांशी! चौऱ्यांशी माणसं आपापल्या गावात पाच वर्षं 'गैरहजर' होऊन बसलेली, प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच.

आबांनी ही बातमी कशी पसरवली ते विचारू नका. आठवड्याभरात चारच्या ठोक्याला आमच्या अंगणात रांग लागली! कोणी दानापूरचा, कोणी हिवरखेडचा, खिशात पिवळं पडलेलं टोकन. आपलं नाव आपल्याच आवाजात ऐकायचं, "हजर!" म्हणायचं, मी बटण दाबायचं, आईनं चहा द्यायचा. सगळे हसत, एकमेकांना टाळ्या देत.

फक्त एका दिवशी, टोकन दोनशे सहाला, "देवमन तुकाराम" असा भरभक्कम आवाज आला आणि अंगण एकदम गप्प झालं. दुसरी हाक झाली. कोणी पुढे आलं नाही. एक म्हातारा टोपी काढून म्हणाला, "तो नाही आता." तिसरी हाक झाली. मशीन वाट पाहत थांबलं.

"पोरी," आबा हळूच म्हणाले, "त्याले गैरहजर म्हनू नको देऊस. दाब."

मी दाबलं. अंगणातले सगळे एकदम म्हणाले, "हजर."

काल दादाचा फोन आला. "काय मग पायल, एका मशीनमध्ये किती जण चालवतेस? झाले का चार?"

मी अंगणात पाहिलं. आई दुसरं पातेलं शेगडीवर चढवत होती.

"चौऱ्यांशी," मी म्हटलं. "आणि दादा, ती पातेल्याची गोष्ट तू खरी सांगितली होतीस रे. फक्त दूध लय लागून राहिलं."